दोन मीटर सहा

३ फेब्रुवारी

ती. मामांस नमस्कार.

१. २१ जानेवारीला सकाळी मी एका बारा मजली इमारतीच्या लिफ्टची वार्षिक तपासणी केली. सोबत कुणी नव्हतं.

२. तपासणीच्या फॉर्मवर एकोणीस चाचण्या असतात. प्रत्येकीसमोर निकाल लिहून सही करायची असते.

३. मी एकोणीस सह्या केल्या.

४. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीसाठी गेलेल्या सहकाऱ्याला ब्रेकच्या पेटीचं सील जसंच्या तसं दिसलं. ते तोडल्याशिवाय अकरावी चाचणी होऊच शकत नाही.

५. अकराव्या चाचणीसमोर माझ्या अक्षरात 'समाधानकारक' असं लिहिलेलं आहे. शेजारी एक आकडाही आहे.

६. तो आकडा कुठून आला, मला माहीत नाही. चाचणी केल्याचं आठवत नाही. न केल्याचंही आठवत नाही.

७. चाचणी पुन्हा घेतली गेली. ब्रेक ठीक निघाला. त्यात माझी हुशारी नाही.

८. मला १५ एप्रिलपर्यंत रजा दिली आहे.

परवा फोनवर तुम्ही "काय झालं?" म्हणून विचारलंत आणि मी "काही विशेष नाही" म्हटलं. विशेष होतं ते वर दिलं आहे.

१५ एप्रिलच्या आत मला ऑफिसला लेखी कळवायचं आहे, तपासणीवर परत येणार की कायमची ड्रॉइंग विभागात बसणार. साहेबांनी निर्णय माझ्यावर सोडला, हा त्यांचा चांगुलपणा. मला मात्र त्यांनीच काय ते ठरवलं असतं तर बरं झालं असतं. मी तपासलेल्या लिफ्टमधून लोक लहान मुलांना घेऊन वर जातात. माझ्या सहीवर माझाच भरवसा नसेल तर ती कुणी धरू नये.

डॉक्टरीणबाई म्हणतात, लक्ष थकलं आहे. उपाय म्हणून रोज झाडांजवळ जाऊन शांत बसायचं, श्वासाकडे आणि आजूबाजूला ध्यान द्यायचं. त्यांनी एक छापील कागद दिला आहे. त्यावर एका पानाचं चित्र आहे. कोणत्या झाडाचं ते कळत नाही.

तुम्ही खात्यात एकतीस वर्षं नदीची पातळी मोजलीत, आणि निवृत्तीनंतरही रोज काठावर जाऊन बसता. अशा बसण्याने काही होतं का, एवढंच सांगा. आईला यातलं काही माहीत नाही. तुम्हीही सांगू नका.

तुमची भाची


९ फेब्रुवारी

चि. फूटपट्टी हिस अनेक आशीर्वाद.

काय गं, आठ कलमं? पत्र वाचताना मला वाटलं, मीच काहीतरी गुन्हा केलाय आणि आता खाली सही करायची आहे. पण लिहिलंस ते बरं केलंस. फोनवर तू तारेसारखी बोलतेस, शब्द मोजून. यापुढे पत्रच लिही.

मी नदीकाठी 'बसलो' नाही, नोकरी केली. दिवसातून तीनदा पाण्यातली पट्टी वाचायची आणि वहीत आकडा टाकायचा. बसणं मधल्या वेळातलं. त्याने काही होतं का, म्हणतेस? होतं. काय होतं ते मला सांगता येत नाही, आणि सांगितलं तर तू त्याचं माप मागशील.

तू असं कर. एक जागा धर. उघड्यावर, पण फार देखणी नको. देखण्या जागी माणूस स्वतःलाच बघत बसतं. रोज तीच जागा, तीच वेळ, वीस मिनिटं. फोन घरी ठेवायचा. श्वास येतोय-जातोय त्याला येऊ-जाऊ दे, तो काही तुझ्या परवानगीसाठी थांबलेला नाही. मग आवाज धर. सगळ्यात जवळचा, मग त्याच्या पलीकडचा, मग त्याच्याही पलीकडचा. मन पळालं की त्याच्यावर खेकसू नकोस. गुपचूप जवळच्या आवाजावर परत ये. झालं. याला हल्ली काय म्हणतात ते तुझ्या डॉक्टरीणबाईंना माहीत.

तुझ्या आईला नाही सांगत. तिला सांगितलं तर ती तुझ्या शेजारी बाकावर येऊन बसेल आणि वीस मिनिटं बोलेल.

आज पाणी दोन मीटर चौदा. उतरायला लागलंय. काठावर रोज चिखलाची एक नवी ओळ उघडी पडते.

मामा


१६ फेब्रुवारी

ती. मामांस नमस्कार.

जागा: घरापासून नऊ मिनिटांवर, पाण्याच्या टाकीमागचा रिकामा प्लॉट. एक झाड, काटेरी झुडपं, पडकं कुंपण, सिमेंटचा एक उलटा पाइप. मी पाइपावर बसते. देखणी नाही, याची खात्री बाळगा.

वेळ: सकाळी ८.४० ते ९.००. सात दिवसांत एकही खाडा नाही. आवाज सरासरी अकरा. सगळ्यात जवळचा माझ्या जॅकेटच्या चेनचा, सगळ्यात लांबचा बहुधा पुलावरच्या वाहनांचा. मन पळण्याचं प्रमाण पहिल्या दिवशी मोजता आलं नाही, सातव्या दिवशी वीस मिनिटांत चौदा वेळा. वारा, ऊन आणि पक्ष्यांसाठी वेगळे रकाने केले आहेत. तक्ता सोबत जोडते.

टाकीचा रखवालदार तिसऱ्या दिवशी जवळ आला.

"मॅडम, कुणाची वाट बघताय?"

"कुणाची नाही."

"मग प्लॉट घ्यायचाय?"

"नाही. नुसती बसले आहे."

त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "घरी कुणी बोललं का?"

काल त्याने न विचारता पाइपावर एक पोतं टाकून ठेवलं होतं.

फरक अजून जाणवलेला नाही. पुढचे रकाने कोणते ठेवू?

तुमची भाची


२१ फेब्रुवारी

चि. फूटपट्टी हिस आशीर्वाद.

तक्ता पोचला. शेवटी झाडाला प्रमाणपत्र देऊन आलीस की नाही? की फांद्या मर्यादेपेक्षा जास्त हलतात म्हणून नोटीस लावलीस?

रकाने बंद. वही बंद. अगं, तू बसतेस कुठे? तू तिथेही तपासणीच करतेस. रखवालदाराला तुझ्यापेक्षा जास्त कळतं, त्याने तुझ्याकडे बघितलं आणि पोतं आणलं. एवढंच करायचं असतं. बघायचं, आणि जे दिसेल त्यावरून वागायचं.

इकडे एक भानगड झाली आहे. पट्टी मधेच वाकली आहे. ओंडका-बिंडका आपटला असणार. दोन मीटरच्या आसपास पोट आल्यासारखी दिसते. खात्याला पत्र टाकलं. आता सगळं यंत्रावर आहे म्हणून पट्टीकडे कुणी ढुंकून बघत नाही, पण पट्टी ती पट्टी. आज पाणी दोन मीटर सहा.

मामा


१ मार्च

ती. मामांस नमस्कार.

तुम्ही वही बंद करायला सांगितलंत. मी केली नाही. त्यामुळे पुढचं घडलं.

२६ फेब्रुवारीला सकाळी टेबलाशी चहा घेत असताना मी वहीत त्या दिवसाची नोंद केली: वारा मंद, आवाज दहा, मन पळणं नऊ. मग कप विसळायला उठले आणि अंगात अजून रात्रीचेच कपडे आहेत हे दिसलं. ८.२५ झाले होते. मी अजून गेलेच नव्हते.

मी पुन्हा तेच केलं, मामा. या वेळी कुणी सील तपासणार नव्हतं, कुणाला फसवायचं नव्हतं, घाई नव्हती. तरी माझ्या हाताने न घडलेली गोष्ट घडली म्हणून लिहिली, आणि सुबक अक्षरात लिहिली.

त्या दिवशी मी प्लॉटवर गेले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. साहेबांना द्यायचं पत्र लिहून ठेवलं आहे. ड्रॉइंग विभाग वाईट नाही. तिथे चूक झाली तर कागदावर होते आणि तिघे जण ती बघतात. मशीन रूममधला तेलाचा वास, दोर फिरताना पायाखाली येणारी थरथर, या गोष्टींची मला सवय झाली होती. सवय मोडते.

पत्र अजून टाकलेलं नाही, कारण तुम्हाला सांगितल्याशिवाय टाकणं बरोबर वाटलं नाही. तुम्ही समजूत घालावी अशी अपेक्षा नाही.

तुमची भाची


६ मार्च

बाळ,

पत्र टाकू नकोस. निदान हे वाचून होईपर्यंत.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी नदीला पूर आला होता. पाणी चार मीटर वीसवर येऊन अडलं. दोन दिवस हलेना. तिसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मी पट्टीसमोर उभा राहिलो, पट्टीकडे बघितलं, चार वीस लिहिलं आणि खाली तसंच कळवलं. पाणी होतं चार पंच्याऐंशी. खालच्या अंगाच्या पंपघरातली दोन माणसं छपरावर चढली आणि दुपारपर्यंत तिथेच बसून राहिली. वाचली. पाणी एकदम वाढलं असं सगळ्यांनी धरलं. मी काही बोललो नाही. तुझी मामी होती तोवर तिलाही सांगितलं नाही.

डोळे उघडे होते गं. मी बघतही होतो. पण बघत होतो कालचं पाणी.

त्यानंतर मी एक रीत धरली. पट्टीसमोर गेलो की आधी नजर बाजूला न्यायची. पलीकडच्या काठावरचं काहीतरी एक बघायचं, एखादा दगड, एखादी फांदी. निवांत, दोन श्वास. मग पट्टीवर यायचं आणि आकडा घ्यायचा. पुन्हा बाजूला, पुन्हा पट्टी. दोन्ही आकडे जुळले तर लिहायचे. खात्याच्या पुस्तकात हे नाही. साहेब लोक हसायचे, म्हणायचे हा नदीला लाजतो. पण पुढच्या अठ्ठावीस वर्षांत माझा एक आकडा चुकला नाही.

तू त्या प्लॉटवर जातेस ते या 'बाजूला' साठी. मन रिकामं करायला नव्हे. ते कुणाचं होत नाही. कालचं पुसायला.

तेव्हा वहीला दोरा बांधून माळ्यावर टाक आणि उद्या जा. नुसती जा.

इकडे ऊन वाढलंय. चिखलाची ओळ हातभर खाली सरकली, पाणी झपाट्याने उतरतंय. पट्टी आणखी वाकली आहे, खातं झोपलेलं आहे. आज पाणी दोन मीटर सहा.

मामा


१४ मार्च

ती. मामांस नमस्कार.

गेले. आठ दिवस रोज गेले. वही नेली नाही, म्हणून आकडे नाहीत. आठवतं तेवढं लिहिते.

झाडाच्या एका पानावर पांढरी नागमोडी रेघ होती. देठाकडे केसासारखी बारीक, पुढे रुंद होत गेलेली. मला वाटलं रोग आहे. तीन दिवस त्याच पानाकडे बघत होते. चौथ्या दिवशी रेघ बोटाच्या पेराएवढी लांब झाली होती आणि तिच्या टोकाला, पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मधे, काहीतरी जिवंत हलत होतं. अळी पान आतून खात पुढे जात होती आणि खाता खाता मोठी होत होती, म्हणून रेघ रुंदावत होती. मी किती वेळ बसले माहीत नाही. रखवालदाराने येऊन सांगितलं, "मॅडम, साडेनऊ झाले." मला वाईट वाटलं नाही, एवढं नोंदवते.

तुमच्या पुराबद्दल कुणाला सांगणार नाही. तुम्ही ते मला सांगितलंत, हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. बाकीची पत्रंही वाचली. तुम्ही सांगितलेल्या रीतीनेच, मधे खिडकीबाहेर बघून. आणि त्यात मला एक गोष्ट दिसली. ती लिहू की नको याचा दोन दिवस विचार केला.

२१ फेब्रुवारीला तुम्ही पाणी दोन मीटर सहा लिहिलंत. ६ मार्चलाही दोन मीटर सहा लिहिलंत, आणि त्याच पत्रात पाणी झपाट्याने उतरतंय असंही लिहिलंत. दोन्ही खरं असू शकत नाही. पुलाजवळच्या यंत्राचे आकडे खातं रोज जाहीर करतं. २१ फेब्रुवारी: २.०६. ६ मार्च: १.६१.

मी खात्याला फोन केला. तुमची तक्रार त्यांनी वाचली होती. त्यांचा माणूस ११ तारखेला ओळंबा घेऊन पट्टी बघून गेला. पट्टी सरळ आहे.

मामा, एक काम करा. उजेडात दरवाजासमोर खुर्ची घ्या. एक डोळा तळहाताने झाका, चौकटीच्या उभ्या कडेकडे बघा. मग दुसरा झाका आणि पुन्हा बघा. तुम्हाला ठाऊक आहे ते लिहू नका, दिसलं ते लिहा.

तुमची भाची


१८ मार्च

चि. हिस आशीर्वाद.

आता तू मला तपासायला निघालीस? मी लिफ्ट नाही. खात्यात फोन करायला तुला कुणी सांगितलं होतं? तिकडे आता सगळे म्हणत असतील, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. ओळंबा लावणारं ते पोर काल नोकरीला लागलंय, त्याला ओळंबा कुठून धरायचा हे तरी माहीत आहे का?

चौकट सरळ आहे. पाणी दोन मीटर सहा.

मामा


२२ मार्च

बाळ,

परवाचं पत्र फाडून टाक.

चौकट सरळ आहे असं मी खुर्चीत न बसताच लिहिलं होतं. चौकट मीच बसवली, ती सरळ असणारच, त्यात बघायचं काय? असं म्हणून लिहून मोकळा झालो. पत्र पोस्टात पडल्यावर काठावर जाऊन बसलो, आणि बसवेना.

काल खुर्ची घेतली. डावा डोळा झाकला तर चौकटीला पोट आलं, अगदी पट्टीला येतं तसंच. उजवा झाकला तर सरळ, पण मधोमध धुरकट. तुझं पत्र समोर धरलं तर मी ज्या शब्दाकडे बघतो तोच नाहीसा होतो, शेजारचे राहतात. गेला दीड महिना मी तुझी पत्रं अशीच डोळा इकडे तिकडे करत वाचतो आहे. वाटायचं, शाई फिकी वापरतेस.

पट्टीचंही तसंच झालं असणार. दोन वेळा बघायचो, दोन वेळा मधे भोक दिसायचं, आणि भोकात दोन मीटर सहा बसलेलं असायचं. दोन्ही आकडे जुळायचे. म्हणून लिहायचो.

एकतीस वर्षांत माझ्या मनात कधी आलं नाही की बिघाड डोळ्यात असेल. पट्टी वाकेल, खातं झोपेल, यंत्र खोटं बोलेल, पण माझा डोळा?

तुझ्या आईला कळवू नकोस. कळलं की ती दुसऱ्या दिवशी टॅक्सी घेऊन येईल आणि मला तिच्या सातव्या मजल्यावर नेऊन बसवेल. तिथे खिडकीतून समोरच्यांची खिडकी दिसते. मला इथून हलायचं नाही गं. पट्टी नाही वाचता आली तर नाही. पाणी तर ऐकू येतं. पण डॉक्टर एकदा 'एकटं राहायचं नाही' म्हणाले की झालं. म्हणून मी जात नाही. खरं कारण हे आहे.

मामा


२४ मार्च

ती. मामांस नमस्कार.

तुमचं पत्र आज मिळालं. १८ तारखेचं फाडलं.

नेत्ररुग्णालयात फोन करून तुम्हाला काय दिसतं ते सांगितलं. नाव सांगितलं नाही. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, डोळा बघितल्याशिवाय काही सांगता येणार नाही. पण सरळ रेघा वाकड्या दिसायला लागल्या असतील तर थांबू नका, त्यातल्या काही प्रकारांत वेळेवर औषध दिलं तर नजर जायची थांबते. उशीर झाला तर गेलेली परत येत नाही. हे मी सौम्य करून लिहू शकले असते. तुम्हाला तसं आवडणार नाही.

सर्व काही ठीक होईल असं मी म्हणत नाही, कारण मला ते माहीत नाही. मला माहीत आहे ते एवढंच: तुम्ही कुठे राहायचं हा निर्णय डॉक्टरांचा नाही आणि आईचाही नाही. तो तुमचा आहे. तपासणीला मी सोबत असेन, आणि कुणी तो विषय काढला तर हे वाक्य मी तिथे मोठ्याने म्हणेन. आईला आधी तुम्ही सांगाल, मी सांगणार नाही. पण सांगावं लागेल.

साहेबांना लिहिलेलं पत्र बदललं. मी १६ एप्रिलला तपासणीवर परत जाते आहे. एक अट घातली आहे: फॉर्म मशीन रूममध्येच भरणार, प्रत्येक चाचणी संपली की लगेच, आणि प्रत्येक आकडा दोनदा घेणार. यामुळे दिवसाला सहाऐवजी चार लिफ्ट होतील. साहेबांनी "कारण?" असं विचारलं. मी "नदी खात्यातली पद्धत आहे" असं कळवलं. त्यांनी मान्य केलं. खात्री झाली म्हणून जात नाहीये. हात पुन्हा न घडलेलं लिहायला निघाला तर आता मला ते कळेल, असं वाटतं. प्लॉटवर जाणं चालू ठेवणार आहे. अळी पानातून बाहेर पडली. रेघ तेवढी राहिली आहे.

तुमच्यासाठी २ एप्रिलला सकाळी साडेदहाची वेळ माझ्या नावावर घेऊन ठेवली आहे. मी १ तारखेला दुपारच्या बसने तुमच्याकडे येईन. संध्याकाळी काठावर बसू. तुम्ही बोलायला हवं असं नाही, मलाही बोलायचं नाही. मला फक्त तिथे, तुमच्या शेजारी बसायचं आहे. २ तारखेला सकाळी सातची बस आहे. जुने चष्मे, चालू औषधं आणि टोपी सोबत घ्या. डोळ्यात थेंब घातल्यावर ऊन सहन होत नाही.

येऊ का, ते ३० मार्चपर्यंत कळवा. त्यानंतर ती वेळ ते दुसऱ्या कुणाला देतील.

तुमची भाची